नळीखालच्या खुणा

निवडणूक जाहीर झाली की नागपूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांत परवान्याच्या बंदुका जमा व्हायला लागतात. निकाल लागेपर्यंत त्या ठाण्यात राहतात आणि त्यानंतर मालकाला परत मिळतात. जमा करून घेताना हवालदार परवान्यावरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक ताडून पाहतो, पावती देतो. काम तेवढ्यावर संपते. पण हाताखालून जाणाऱ्या या बंदुकांत आजोबा-पणजोबांच्या काळातल्या, मालगुजारीच्या दिवसांत घेतलेल्या बऱ्याच असतात. ‘ही अस्सल इंग्लिश आहे, नंबर पाहा तिचा,’ असे मालक मोठ्या विश्वासाने सांगतो. नंबर खरोखर असतोही. त्यावरून बंदूक कोणी बनवली हे मात्र कळत नाही.

सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकासारखेच हे आहे. गट क्रमांक १४३ जवळजवळ प्रत्येक गावात सापडेल, गाव आणि तालुका सांगितल्याशिवाय त्यावरून जमीन शोधता येत नाही. बंदुकीचे कारखाने आपापले क्रमांक आपापल्या वहीत टाकत आले. बर्मिंगहॅमच्या एका कारखान्याची ४५६७८ क्रमांकाची बंदूक असेल, तशी बेल्जियममधल्या लीजच्या कारखान्याचीही असेल आणि बंगालमधल्या इशापूरचीही असेल. काही कारखाने तर ठरावीक आकड्यानंतर पुन्हा एकपासून सुरुवात करत आणि पुढे फक्त एक अक्षर जोडत. म्हणून आधी कारखाना ओळखायचा, मग त्याच्या वहीत क्रमांक शोधायचा. लोक हे नेमके उलट्या क्रमाने करतात आणि फसतात.

नागपूरच्या जुन्या बंदुकांच्या कागदपत्रांत हा इतिहास स्पष्ट दिसतो. एकाच घरातल्या परवान्यावर आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या डेप्युटी कमिशनरचा शिक्का, मग नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशचा, १९५६ नंतर द्वैभाषिक मुंबई राज्याचा आणि १९६० नंतर महाराष्ट्राचा, असे चार राजवटींचे शिक्के असू शकतात. प्रत्येक नूतनीकरणात कारकुनाने मागच्या वहीतून मजकूर उतरवला. एका पिढीत एखादा आकडा चुकला, पुढच्या पिढीत बनावटीच्या रकान्यात विक्रेत्याचे नाव आले, आणि कागदावरची बंदूक कपाटातल्या बंदुकीपासून हळूहळू दूर गेली. अशा वेळी धातूवरच्या खुणा हाच भरवशाचा पुरावा उरतो. त्या वाचता आल्या पाहिजेत.

आधी क्रमांक आला कुठून ते पाहू. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी लढल्या. त्या काळात कंपनीच्या शिपायाच्या हाती चकमकीची, ठासणीची मस्केट असे. तिच्यावर आजच्या अर्थाने अनुक्रमांक नसे. चापाच्या बाजूच्या पोलादी पट्टीवर ईस्ट इंडिया कंपनीची खूण असे. अठराव्या शतकात ती बदामाच्या आकाराची होती, चार भागांत विभागलेली, आत कंपनीच्या नावाची आद्याक्षरे आणि वर इंग्रजी चारचा आकडा. मालाच्या गाठोड्यांवर उमटवायची हीच खूण बंदुकीवरही आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिची जागा मुकुट धरलेल्या, मागच्या पायांवर उभ्या सिंहाने घेतली. जुन्या पट्ट्यांवर विल्सन, बार्नेट अशा लंडनच्या कंत्राटदारांची नावे आणि सालही मिळते. दस्त्याच्या टोकाच्या पितळी पत्र्यावर आकडे असतील तर ते बहुधा पलटणीने टाकलेले असतात: कोणत्या तुकडीतली कितवी बंदूक, एवढाच त्यांचा अर्थ. त्यांना कारखान्याचा क्रमांक समजणे ही संग्राहकांमधली सर्वांत नेहमीची चूक आहे.

लष्करी रायफलीवर कारखान्याच्या क्रमांकाची गरज पडली ती घडणीमुळे. मागून काडतूस भरायच्या रायफलीत खटका म्हणजे बोल्ट पुढे सरकून काडतुसाला पाठीमागून घट्ट धरतो. बोल्ट आणि नळी यांच्यातले अंतर अगदी नेमके लागते. ते जास्त झाले तर काडतूस आतल्या आत फाटते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडावर येतो. प्रत्येक बोल्ट कारागिराने त्या त्या रायफलीला घासून बसवलेला असे, म्हणून दोन्हींवर एकच क्रमांक ठोकत. शंभर रायफली एकाच वेळी साफसफाईला सोडल्या तरी ज्याचा बोल्ट त्याला परत मिळे. म्हणजे क्रमांक सुरुवातीला सुरक्षिततेसाठी होता, चोर पकडण्यासाठी त्याचा उपयोग नंतर झाला. आजही जुन्या रायफलीचा बोल्ट आणि नळी यांचे क्रमांक जुळत नसतील तर जाणता शस्त्रकार ती तपासल्याशिवाय चालवू देत नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त पाहायला मिळालेली लष्करी रायफल म्हणजे थ्री-नॉट-थ्री, ली-एनफील्ड. कित्येक दशके पोलिसांच्या खांद्यावर तीच होती. खुणा वाचायला शिकायचे असेल तर हिच्यापेक्षा चांगला धडा नाही. दस्ता जिथे लोखंडी बैठकीत शिरतो तिथे उजव्या बाजूला वरून खाली चार-पाच ओळी असतात. सर्वांत वर मुकुट. त्याखाली राजाची आद्याक्षरे. भारतात घडलेल्या रायफलीवर ती ‘जी. आर. आय.’ असतात, यातला शेवटचा ‘आय’ सम्राटपदासाठी, कारण राजा इंग्लंडचा असला तरी सम्राट हिंदुस्थानचा होता. मग कारखाना: एनफील्ड, किंवा बर्मिंगहॅमची बीएसए, किंवा ऑस्ट्रेलियातले लिथगो, किंवा बंगालमधले इशापूर. मग साल. मग नमुन्याचे नाव आणि त्यापुढे असेल तर एक चांदणी. ही चांदणी सजावटीची नाही. पहिल्या महायुद्धात रायफली घाईने हव्या होत्या, म्हणून काही भाग गाळून नमुना सोपा केला, त्याची ती खूण. एवढ्या ओळी वाचल्यावरच पलीकडच्या क्रमांकाला अर्थ येतो.

याच रायफलीवर एक छोटा बाण दिसतो. इंग्लंडच्या सरकारी मालावर शतकानुशतके हा बाण ठोकत आले. त्याखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर माल सरकारी सेवेतून काढून विकलेला. म्हणजे कारखान्याची खूण वेगळी, मालकाची वेगळी आणि मालकी सोडल्याचीही वेगळी. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या रायफलीवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. १९६२ च्या चीन युद्धानंतर याच कारखान्याने जुन्या बांधणीची पण ७.६२ मिलिमीटरचे काडतूस घेणारी रायफल काढली. बाहेरून पाहणाऱ्याला ती थ्री-नॉट-थ्रीच वाटते. बैठकीवरचा मजकूर वाचणाऱ्यालाच फरक समजतो, आणि तो समजणे फार महत्त्वाचे, कारण चुकीचे काडतूस घालणे जिवावर बेतू शकते. नागरिकांसाठी थ्री-नॉट-थ्री निषिद्ध असल्यामुळे सरकारी कारखान्यांनी .३१५ बोअरची शिकारी रायफल काढली, ती विदर्भातल्या कितीतरी परवान्यांवर आहे.

आता नावाचा प्रश्न. बंदुकीवर ठळक अक्षरांत नाव असले की आपण ते बनवणाऱ्याचे समजतो. ते संशोधकाचे असू शकते, पेटंट घेणाऱ्याचे, विकणाऱ्याचे, किंवा नुसते नमुन्याचेही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली होती, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटाचा संशोधक. युरोपात त्याची पिस्तुले बनवली बेल्जियममधल्या लीजजवळच्या हर्स्टालच्या ‘फाब्रिक नॅशनल’ या कारखान्याने. त्या काळातल्या या पिस्तुलांच्या सरकत्या पोलादी आवरणावर कारखान्याचे नाव, गाव आणि पेटंटचा फ्रेंच उल्लेख असतो. बोलीत राहिले ते संशोधकाचे नाव, आणि कारखाना विसरला गेला.

नागपूरच्या वर्तमानपत्रांत आजही ‘माऊझर जप्त’ अशी बातमी येते. जप्त झालेले पिस्तूल बहुतेक वेळा कुठल्या तरी शेडमध्ये कानशीने घडवलेले असते. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या माऊझर कारखान्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. बातमीदाराने बोलीतला शब्द वापरला तर समजू शकते, पण पंचनाम्यात असा शब्द शिरला की पुढे न्यायालयात तोच बचाव पक्षाच्या हाती सापडतो. पंचनाम्यात जे दिसते तेच लिहावे: नळीची लांबी, बोअर, खुणा आणि त्या कुठे आहेत.

विक्रेत्यांचेही असेच. जुन्या दुनळी बंदुकीच्या दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ‘मॅन्टन अँड कंपनी, कलकत्ता’ किंवा ‘आर. बी. रोडा, कलकत्ता’ अशी सुंदर कोरीव नावे असतात. या पेढ्या इंग्लंड-बेल्जियममधून बंदुका मागवून आपले नाव घालून विकत. मध्य प्रांतातल्या मालगुजाराने बंदूक कलकत्त्याहून मागवली, म्हणून घरात ती ‘मॅन्टनची’ झाली.

नाव मालकाचेही असू शकते, आणि याचा सर्वांत देखणा दाखला नागपूरचाच आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात नागपूरकर भोसल्यांच्या गादीचे संस्थापक पहिले रघुजी यांची तलवार निघाली. महाराष्ट्र शासनाने ती ४७.१५ लाख रुपयांना मिळवली आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत आली. तलवारीचे पाते युरोपी, सरळ, एकधारी. मूठ इथली, तिच्यावर सोन्याची नक्षी. आणि पात्याच्या पाठीवर सोनेरी देवनागरीत रघुजींचे नाव, त्यांचा सेनासाहेबसुभा हा किताब आणि शेवटी ‘फिरंग’. त्या एका ओळीत मालक, त्याचे पद आणि पाते कुठले हे तिन्ही येते. ती ओळ नसती तर पाते पाहून कोणी तिला युरोपातली तलवार म्हटले असते, मूठ पाहून कोणी दख्खनी. दोन्ही अर्धवट खरे ठरले असते. शस्त्राचे घटक वेगवेगळ्या ठिकाणी घडतात आणि प्रत्येक घटक आपली खूण घेऊन येतो, हे बंदुकीलाही तितकेच लागू आहे.

म्हणूनच मला नळीखालच्या खुणा सर्वांत मोलाच्या वाटतात. दुनळी उघडून नळ्या वेगळ्या केल्या की खालच्या सपाट भागावर बारीक शिक्क्यांची गर्दी दिसते. शोभेसाठी कोरलेले नाव कोणीही कोरू शकतो. हे शिक्के मात्र कायद्याने नेमलेल्या चाचणीघराचे असतात. तिथे नव्या नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती झाडत. नळी फुटली नाही, फुगली नाही, तर ती तपासून शिक्का ठोकत. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला सनद मिळाली १६३७ मध्ये, बर्मिंगहॅमचे चाचणीघर कायद्याने स्थापन झाले १८१३ मध्ये. मुकुटाखाली ‘जी. पी.’ ही एकमेकांत गुंफलेली अक्षरे असतील तर चाचणी लंडनची. मुकुटाखाली ‘बी. पी.’ आणि ‘बी. व्ही.’ असतील तर बर्मिंगहॅमची, तीही १९०४ नंतरची. त्याआधी बर्मिंगहॅम एकमेकांवर फुलीसारखे ठेवलेले दोन राजदंड वापरत असे. ‘एन. पी.’ हा शिक्का सांगतो की नळी धूर न करणाऱ्या नव्या दारूसाठी तपासली आहे. तो नसेल तर बंदूक काळ्या दारूच्या काळातली आहे आणि तिच्यात आजचे काडतूस घालायचे नाही. तोंडाशी आवळलेल्या नळ्यांवर १८७५ ते १८८७ या बारा वर्षांत बर्मिंगहॅमला ‘गोळीसाठी नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द ठोकत. ते दिसले तर क्रमांक न पाहताही साल एका तपाच्या आत आले.

याच जागी चौकटीत १२ हा आकडा असतो, तो बोअरचा. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. सोळा केल्या तर गोळी लहान, म्हणून सोळा बोअरची नळी बारीक. आकडा मोठा पण तोंड लहान, हे कोडे एवढ्याने सुटते.

लीजचा शिक्का ओळखणे सोपे आहे. लंबगोलात ‘ई. एल. जी.’ ही अक्षरे, खाली चांदणी, आणि १८९३ नंतर वर मुकुट. विदर्भातल्या घरांतल्या ‘इंग्लिश’ बंदुकांची परीक्षा बहुधा याच शिक्क्यापाशी होते. लीजचे कारखाने वसाहतींच्या बाजारासाठी स्वस्त बंदुका काढत आणि त्यांवर इंग्रजी कानाला ओळखीची वाटणारी नावे टाकत. वेस्टली रिचर्ड्स हे बर्मिंगहॅमचे नामवंत घराणे, तर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ नावाने बेल्जियन बंदुका विकल्या गेल्या. वर नाव रिचर्ड्स, नळीखाली ई. एल. जी. खालच्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा. बेल्जियन निघाली म्हणून वाईट वाटून घेण्याचे मात्र कारण नाही. लीजला बंदूककामाची शेकडो वर्षांची परंपरा होती आणि चांगली लीज बंदूक कोणत्याही घरात अभिमानाने ठेवावी अशीच असते.

क्रमांकाची ताकद कळते ती नोंदवही हाती असेल तेव्हा. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रोडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी पन्नास माऊझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे पळवली. ही खरीखुरी, जर्मनीहून आलेली माऊझर. रोडाच्या दफ्तरात प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक होता. राउलट समितीच्या १९१८ च्या अहवालात याची मुद्दाम नोंद आहे, कारण पुढची काही वर्षे बंगालमध्ये कुठेही माऊझर सापडले की पोलीस त्याचा क्रमांक या यादीशी ताडून पाहत आणि ते त्याच पन्नासांतले निघे. कारखान्याचे नाव त्या पन्नासांवर सारखेच होते. वेगळा होता तो क्रमांक, आणि त्याला अर्थ दिला विक्रेत्याच्या वहीने.

भारताच्या इतिहासात सर्वांत जड क्रमांक ६०६८२४ हा असावा. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या ज्या पिस्तुलाने झाली, त्यावरचा तो. पिस्तूल इटलीच्या बेरेटाचे, १९३४ च्या नमुन्याचे. त्या नमुन्याच्या पिस्तुलांवर कारखान्याचे नाव, गार्डोने हे गाव, बोअर, नमुना आणि साल असे सारे एकत्र मिळते. साल दोन प्रकारे लिहिलेले असते: एक नेहमीचे, आणि त्याच्या जोडीला रोमन आकड्यांत मुसोलिनीच्या राजवटीचे वर्ष, १९२२ च्या ऑक्टोबरपासून मोजलेले. लष्कराला दिलेल्या पिस्तुलावर मुकुट आणि ‘आर. ई.’, म्हणजे राजसेना, अशी वेगळी खूण असे. कारखाना, देश, राजवट, पहिला मालक, हे सगळे धातू सांगतो. इटलीतले पिस्तूल ग्वाल्हेरला कसे आले आणि तिथून नथुराम गोडसेच्या हाती कसे पडले, हे शोधायला माणसांचे जबाब लागले. धातूवरच्या खुणांची मर्यादा तिथे आहे.

युद्धात कारखाने आपले नाव लपवायला लागले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने नावाऐवजी सांकेतिक अक्षरे वापरली. ‘बी. वाय. एफ.’ म्हणजे ओबर्नडॉर्फचे माऊझर, ‘ए. सी.’ म्हणजे वाल्थर. शत्रूच्या हाती शस्त्र पडले तरी कारखाना कुठे आहे हे कळू नये, हा हेतू. नाव लपले, पण क्रमांक चालूच राहिले, आणि त्यांनीच घात केला. दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या सुट्या भागांवरचे क्रमांक जमवले आणि त्यावरून उत्पादनाचा अंदाज बांधला. ऑगस्ट १९४२ या महिन्यासाठी हेरखात्याचा अंदाज १,५५० रणगाड्यांचा होता, संख्याशास्त्रज्ञांचा ३२७ चा. युद्धानंतर जर्मन कागदपत्रे पाहिली तेव्हा खरा आकडा निघाला ३४२. ओळीने क्रमांक टाकणारा कारखाना आपली क्षमताच उघड्यावर मांडतो, हे तेव्हा जगाला कळले. 

एके रायफलींच्या बाबतीत खुणा वाचणे महाराष्ट्राला फार वेदनेतून शिकावे लागले. सर्व एके दुरून सारख्या दिसतात. बैठकीच्या डाव्या बाजूला बाण असलेला त्रिकोण असेल तर रशियातले इझेव्स्क, चांदणी असेल तर तुला, दुहेरी वर्तुळात दहा असेल तर बल्गेरिया, त्रिकोणात ६६ असेल तर चीन. गोळ्या एकेक की सलग हे ठरवणाऱ्या खटक्याजवळ कोणत्या लिपीत अक्षरे आहेत तेही पाहतात. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या बातम्यांतून घरोघरी पोहोचलेली ‘एके-५६’ ही चिनी नमुन्याची रायफल. त्याच तपासात मिळालेल्या हातबॉम्बचा माग ऑस्ट्रियन कंपनीपर्यंत गेला आणि तिथून कळले की ते बॉम्ब तिने पाकिस्तानातल्या कारखान्याला पुरवलेल्या यंत्रांवर बनले होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातल्या पिस्तुलांवर पेशावरच्या एका शस्त्रकंपनीचे नाव होते, आणि भारताने जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानला दिलेल्या दस्तऐवजांत ते पुराव्यादाखल मांडले.

काडतुसाकडे मात्र फार कमी लोक पाहतात. बंदूक पळवून नेतात, फेकून देतात, रिकामे पितळ जागेवरच पडून राहते. त्याच्या बुडावर कारखान्याची अक्षरे आणि बहुधा साल असते. जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या बुडावरचे ‘के. एफ.’ म्हणजे पुण्याजवळचे खडकी. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ जाऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या आणि त्यातल्या ‘यंत्र इंडिया’चे मुख्यालय नागपुरात अंबाझरीला आहे. कारखाना तोच, नाव नवे, असे अनेक ठिकाणी झाले. पन्नास वर्षांनी खुणा वाचणाऱ्याला ही तारीख लक्षात ठेवावी लागेल.

खुणा खोटेही बोलतात. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलच्या बाजारात गेली शंभर वर्षे इंग्रजी रायफलींच्या नकला हाताने घडतात. कारागीर कुशल असतो, पण इंग्रजी न वाचणारा. तो शिक्क्याचे चित्र म्हणून नक्कल करतो. मग एखादे अक्षर उलटे पडते, ‘एनफील्ड’चे स्पेलिंग चुकते, किंवा राणी व्हिक्टोरियाच्या आद्याक्षरांखाली १९१५ सारखे साल येते. राणी वारली १९०१ मध्ये. आपल्याकडच्या बेकायदा पिस्तुलांवर ‘मेड इन यूएसए’ आणि ‘फक्त लष्करासाठी’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे वारंवार आढळतात. खरा अमेरिकी कारखाना आपले नाव, गाव आणि राज्य लिहितो. नुसता देश लिहून थांबणारी खूण दिसली की संशय घ्यावा. आणखी एक प्रकार जास्त अवघड आहे: भाग खरे, पण जोडणी चोरीची. २०१८ मध्ये बिहारच्या मुंगेरमध्ये सापडलेल्या एके-४७ चा तपास आपल्या शेजारच्या जबलपूरच्या लष्करी आयुध भांडारापर्यंत पोहोचला. अशा शस्त्रात प्रत्येक भागावरच्या खुणा वेगवेगळ्या वाचाव्या लागतात. एका भागावरचा क्रमांक पाहून थांबलो तर कहाणीचा तुकडाच हाती लागतो.

मग उरते ती घासून काढलेली खूण. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ८ याबाबत कडक आहे. बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा ओळखखूण खोडणे, बदलणे, बनावट करणे गुन्हा आहे. इतकेच नव्हे, अशी बंदूक कोणाकडे सापडली तर खूण त्यानेच खोडली असे कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. खोडलेला क्रमांक परत वाचता येतो तो पोलादाच्या स्वभावामुळे. कठीण ठशाने आकडा ठोकला की खाचेखालचे धातूचे कणही दबतात, ताणले जातात. वरची खाच कानशीने गेली तरी हा ताण खाली राहतो. पृष्ठभाग आरशासारखा घासून त्यावर तांब्याचे क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण फिरवले की ताणलेला भाग आजूबाजूच्या धातूपेक्षा लवकर झिजतो आणि आकड्याची आकृती वर येते. ती काही क्षण टिकते आणि विरते, म्हणून कॅमेरा आधीच रोखून ठेवतात. अॅल्युमिनियमच्या बांधणीला वेगळे रसायन लागते. राज्यात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा करतात. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कालिन्याला आहे, प्रादेशिक नागपुरात.

गुन्हेगारापेक्षा जास्त खुणा मात्र चांगल्या हेतूने पुसल्या गेल्या आहेत, आणि याचे मला खरे दुःख आहे. दसऱ्याला शस्त्रपूजा करायची म्हणून जुनी बंदूक सँडपेपरने घासून चकचकीत करतात, गंज निघाला नाही तर पॉलिशच्या चाकावर धरतात. त्यात सर्वांत आधी जातात ते नळीखालचे बारीक शिक्के, कारण ते जेमतेम केसाएवढे खोल असतात. गंज लागला असेल तर हलके तेल आणि मऊ कापड पुरते. वाड्यात कुठे बिगरपरवाना जुनी बंदूक सापडली तर तिला हात न लावता, भरलेली असू शकते हे गृहीत धरून, जवळच्या ठाण्याला कळवावे. ती पुरातन आणि निकामी म्हणून सूट मिळण्याजोगी आहे का, हे परवाना अधिकारी ठरवतील. नागपूरच्या अजब बंगल्यासारख्या १८६३ पासूनच्या संग्रहालयात शस्त्रांचे दालन आहे, तिथल्या जाणकारांचे मत घेता येते.

परवान्याची बंदूक असेल तर ती रिकामी असल्याची खात्री करून शस्त्र दुरुस्त करणाऱ्या परवानाधारकाकडून नळ्या वेगळ्या करून घ्याव्यात. बाजूच्या उजेडात नळीखालच्या प्रत्येक शिक्क्याचा, पट्टीवरच्या मजकुराचा आणि सर्व क्रमांकांचा फोटो काढावा. शिक्क्यांवरून देश आणि काळ ठरला, त्यावरून कारखाना ठरला, की मग क्रमांकाची पाळी. हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, वेस्टली रिचर्ड्स या घराण्यांच्या जुन्या वह्या शाबूत आहेत. त्यांत क्रमांकासमोर बंदूक कधी पुरी झाली, नळ्या किती लांब होत्या, बोअर काय होता हे लिहिलेले असते. पुष्कळदा शेवटच्या रकान्यात ती कोणासाठी बनवली त्या गिऱ्हाइकाचे नावही असते.